बाटलीवरची बारीक अक्षरे

थंडी सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे लहान मुलांच्या औषधांविषयी आहेत. एका सुनेने लिहिले आहे की, तिची चौदा महिन्यांची मुलगी रात्री खोकते. सासूबाई म्हणतात, "अमुक बाटली आण, घरातली पाचही मुले त्याच बाटलीवर वाढली." यजमानांनी मात्र छिंदवाड्याची बातमी वाचल्यापासून मुलांचे कोणतेही औषध उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचे नाही असे ठरविले आहे. दुसऱ्या एका घरात बालरोगतज्ज्ञांनी न्यूमोनियासाठी दिलेले अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी बंद केले गेले. ताप उतरला होता, आणि मोबाईलवर कोणीतरी "सिरप म्हणजे विष" असा संदेश पाठविला होता. दोन्ही पत्रांचा शेवट एकाच प्रश्नाने होतो : लहान मुलांना औषध द्यावे की देऊ नये?

प्रश्नाची ही मांडणीच आपल्याला अडचणीत टाकते. "माल घ्यावा की घेऊ नये?" असे दुकानात कोणी विचारले तर आपण प्रथम विचारू, कोणता माल, कोणाकडून, कोणत्या भावाने आणि कशासाठी? औषधाच्या बाबतीत हेच चार प्रश्न आपण विसरतो. मग एक तर विश्वासाने सगळे देतो, नाहीतर भीतीने सगळे थांबवितो.

आधी छिंदवाड्यात काय घडले ते नीट पाहू, कारण अफवांच्या गर्दीत मूळ गोष्ट हरवली आहे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात सर्दी-तापाने आजारी असलेल्या लहान मुलांची लघवी अचानक बंद होऊ लागली. मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना उपचारांसाठी नागपूरच्या रुग्णालयांत हलवावे लागले. २० हून अधिक बालके दगावली, आणि त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालील होती. त्यांना दिलेल्या 'कोल्ड्रिफ' नावाच्या सिरपची तपासणी तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने केली, कारण ते सिरप कांचीपुरम जिल्ह्यातील 'स्रेसन फार्मा' या कारखान्यात तयार झाले होते. त्या बाटलीत 'डायएथिलीन ग्लायकॉल' हे रसायन ४८.६ टक्के निघाले. कायद्याने चालणारी मर्यादा आहे ०.१ टक्का. एस.आर.-१३ या क्रमांकाच्या त्या बॅचविषयी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही ऑक्टोबरमध्ये इशारा काढला होता.

म्हणजे मुले ज्यामुळे गेली ते बाटलीवर लिहिलेले औषध नव्हते. बाटलीवर पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन ही तीन नावे होती. मारक ठरले ते न लिहिलेले चौथे द्रव्य. पॅरासिटामॉलसारखी औषधे नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून सिरपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन यांसारखे द्रावक घालावे लागते. औषधासाठी वापरण्याजोगे शुद्ध द्रावक महाग असते. डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक कामाचे रसायन स्वस्त असते. ते दिसायला तसेच पारदर्शक, तसेच दाट आणि चवीला गोड असते. डोळ्यांना किंवा जिभेला फरक कळत नाही. तो केवळ प्रयोगशाळेतच कळतो. पिंपावर लावलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून चाचणी वगळली की बाकीचे सगळे आपोआप घडते.

ही गोष्ट नवी असती तर एक वेळ अज्ञान म्हणून सोडून देता आली असती. १९३७ साली अमेरिकेत एका गंधकयुक्त औषधाचे सिरप याच रसायनात विरघळवून विकले गेले आणि १०० हून अधिक माणसे मेली. त्यानंतरच त्या देशाने १९३८ मध्ये औषधांविषयीचा कडक कायदा केला. आपल्या मुंबईत १९८६ च्या प्रारंभी जे.जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्येही हेच रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने पुरवठादारापासून रुग्णालयापर्यंत आणि औषध प्रशासनापर्यंत सर्वांची झाडाझडती घेतली होती. पुढे २०१९-२० मध्ये जम्मूतील रामनगरची बालके गेली. २०२२ मध्ये गांबिया आणि उझबेकिस्तान येथे झालेल्या बालमृत्यूंच्या संदर्भात भारतात तयार झालेल्या सिरपांवर जागतिक आरोग्य संघटनेने इशारे काढले. त्यानंतर १ जून २०२३ पासून परदेशी पाठविण्याच्या कफ सिरपची शासनमान्य प्रयोगशाळेत आगाऊ चाचणी सक्तीची झाली. आपल्याच देशातील मुलांच्या बाटलीला मात्र कारखानदाराने स्वतः केलेली चाचणी पुरेशी मानली जात राहिली. ती त्याने केली की नाही, हे छिंदवाड्याने सांगितले.

वाचकांपैकी अनेकांची घरे रसायनांच्या किंवा औषधांच्या घाऊक व्यापारात आहेत. त्यांना वेगळे काही सांगायला नको. पिंप कोणाकडून आले, कोणत्या दर्जाचे म्हणून आले, चाचणीचा दाखला कोणी दिला आणि तो त्याच पिंपाचा आहे का, हे विचारण्याची जागा पेढीवरच असते. आईच्या हातात बाटली येते तोपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

मग आईवडिलांनी काय करावे? त्यांच्या हाती प्रयोगशाळा नाही, पण तराजू आहे. औषधाचा धोका एका पारड्यात आणि उपयोग दुसऱ्या पारड्यात ठेवला, तर निर्णय पुष्कळ वेळा स्वतःच दिसू लागतो.

खोकला-सर्दीच्या सिरपचे उपयोगाचे पारडे लहान मुलांच्या बाबतीत जवळजवळ रिकामे असते. सर्दी ही बहुधा विषाणूंमुळे होते आणि आठ-दहा दिवसांत आपली आपण ओसरते. खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे हे आजारीपणाचे लक्षण नव्हे. सिरपमधील क्लोरफेनिरामाइनने मूल पेंगते आणि घरच्यांना खोकला थांबल्यासारखा वाटतो. फिनाइलएफ्रिन पोटात घेतल्याने बंद नाक मोकळे होत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार मंडळाने २०२३ मध्ये एकमताने दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपल्या औषध महानियंत्रकांनी या दोन औषधांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश काढला होता. छिंदवाड्यानंतर ३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा स्पष्ट केले की, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत व विकूही नयेत. पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत. त्यापुढे द्यायची झाल्यास नीट तपासून, कमीत कमी मात्रेत आणि थोडे दिवस द्यावीत.

तेव्हा त्या चौदा महिन्यांच्या मुलीच्या आईला उत्तर सोपे आहे : ती बाटली नको. बाटली शुद्ध असली तरी नको. सासूबाईंची पाच मुले त्या बाटलीवर वाढली हे खरे, पण ती बाटलीमुळे वाढली असे नव्हे. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब (औषधाच्या दुकानात तयार मिळतात), अंगावरचे दूध किंवा कोमट पातळ पदार्थ थोडे-थोडे व वारंवार, आणि घरात धूर व उदबत्ती कमी, एवढ्यावर बहुतेक मुले बरी होतात.

मात्र हे सांगताना दुसरी गोष्टही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवी, नाहीतर "खोकला आपोआप जातो" म्हणून कोणी घरी बसेल. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, त्याच्या पोटाची हालचाल पाहून एक पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील, तर तो साधा खोकला समजू नये. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, दूध न ओढणे, ओठ निळसर दिसणे, मूल जागे करूनही न जागणे यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला तर तो कितीही असो, डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. घरात घड्याळ आहे आणि मोजायला आजी आहे. यापेक्षा भरवशाची तपासणी कोणत्याही सिरपात मिळणार नाही.

आता तापाच्या औषधाकडे वळू. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत दिले तर लहान मुलांसाठी सुरक्षित औषधांपैकी एक आहे, आणि चुकीच्या मात्रेत ते यकृत निकामी करू शकते. चूक बहुधा हिशेबात होते, म्हणून व्यापारी घरांनी ती करू नये अशी माझी अपेक्षा आहे. मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : एका वेळी दर किलोला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नकोत. १० किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम पुरे.

पण बाजारात हेच औषध निरनिराळ्या दाटपणाचे मिळते. तान्ह्यांच्या थेंबांत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. साध्या सिरपात ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, तर दाट सिरपात ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असते. म्हणजे तेच १५० मिलिग्रॅम थेंबांतून दीड मिलिलिटर, साध्या सिरपातून सहा मिलिलिटर आणि दाट सिरपातून तीन मिलिलिटर होते. सवयीप्रमाणे "एक चमचा" म्हणून कोणी थेंबांच्या बाटलीतले ५ मिलिलिटर पाजले, तर १५० च्या जागी ५०० मिलिग्रॅम पोटात जाते. लहान मुलाच्या बाटलीतले औषध "सौम्य" असेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात थेंबांची बाटली सर्वांत दाट असते. म्हणून डॉक्टरांकडून मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावी, बाटलीवरचा आकडा चिठ्ठीवरच्या आकड्याशी ताडून पाहावा, आणि बाटलीसोबत मिळणारी सुई नसलेली पिचकारी किंवा खुणांचे माप वापरावे. स्वयंपाकघरातला चमचा घरोघरी वेगळा असतो.

आणखी एक गफलत आहे. सर्दीच्या मिश्र सिरपात पॅरासिटामॉल आधीच असते. त्याच्या जोडीला तापाची वेगळी बाटली दिली की मात्रा दुप्पट होते. एकत्र कुटुंबात सकाळी आईने दिले, दुपारी काकूंनी दिले आणि संध्याकाळी ताप पाहून आजोबांनी पुन्हा दिले, असेही होते. फडताळाच्या दारावर एक कागद चिकटवून प्रत्येकाने वेळ व मात्रा लिहावी. रोजमेळ लिहिणाऱ्या घराला हे जड नाही.

दोन औषधे मात्र ताप आलेल्या मुलाला घरच्या डब्यातून काढून देऊ नयेत. निमेसुलाइड भारतात २०११ पासून बारा वर्षांखालील मुलांसाठी बंद आहे. ॲस्पिरिनमुळे विषाणूजन्य तापात किंवा कांजिण्यांत मुलांच्या यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. मोठ्यांची गोळी अर्धी करून देणे हा प्रकार तर पूर्णपणे थांबायला हवा.

आता दुसऱ्या पत्राकडे. औषध थांबविणे हाही एक निर्णयच असतो आणि त्यालाही धोक्याचे पारडे असते. न्यूमोनियात अँटिबायोटिक न मिळालेले किंवा मध्येच सोडलेले मूल पुन्हा आजारी पडते, आणि दुसऱ्या वेळी तेच औषध तितके चालेल याची खात्री नसते. अशा वेळी उपयोगाचे पारडे इतके जड असते की सिरपच्या भीतीने ते उचलले जाऊ नये. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे. थांबवायचे असेल तर त्यांनीच थांबवावे. अँटिबायोटिकची भुकटी बहुधा घरी पाणी घालून तयार करायची असते. त्यासाठी उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घालावे, दर वेळी हलवून द्यावे आणि सांगितलेले दिवस संपल्यावर उरलेले टाकून द्यावे. पुढच्या आजारासाठी किंवा जावेच्या मुलासाठी ते ठेवू नये.

जुलाबांतही असेच. जीव वाचवितात ते क्षार-साखरेचे पाणी, म्हणजे ओ.आर.एस., आणि झिंक, हे चौदा दिवस. तेथे भीती बाळगून चालत नाही. फक्त पुड्यावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र आहे ना, हे पाहावे. नावात ओ.आर.एस. मिरविणारी गोड पेये कितीतरी वर्षे दुकानांत होती. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ते नाव वापरण्यास मनाई केली. ज्यांच्या दुकानात जुना साठा असेल, त्यांनी तो मुलांच्या जुलाबासाठी म्हणून विकू नये.

औषधाच्या भीतीने कित्येक घरे घरगुती उपायांकडे वळली आहेत. त्यांतले सगळेच निरुपद्रवी नाहीत. कापराची पुरचुंडी बाळाच्या कपड्यांना बांधण्याची किंवा छातीला कापूरयुक्त मलम चोळण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. कापूर लहान मुलाच्या पोटात गेल्यास, क्वचित त्वचेतून वा श्वासातून अधिक प्रमाणात गेल्यासही, आकडी येऊ शकते. दोन वर्षांखाली तो नकोच. देव्हाऱ्यातील कापराची डबीही रांगत्या मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. गुटीत झोपेसाठी जायफळाचे वेढे वाढविणे टाळावे. मध आपल्या घरांत वर्ज्यच आहे, पण कित्येक आयुर्वेदिक सिरपांत आणि तयार गुटीत तो असतो. एक वर्षाखालील बाळाला मधातून बोटुलिझम नावाचा, स्नायू लुळे पाडणारा आजार होण्याचा धोका असतो, हे वैद्यकशास्त्रही सांगते.

या बाबतीत आपल्या घरांची एक सवय मला फार मोलाची वाटते. आपली माणसे पुडा उलटा करून बारीक अक्षरे वाचतात. जिलेटिन आहे का, मध आहे का, अंड्याचा अंश आहे का, हे आपण शोधतो. जिलेटिनच्या शोधात बाटली हाती घेतलेलीच असते, तर त्याच वेळी आणखी चार गोष्टी वाचाव्यात : औषधांची मूळ नावे, प्रत्येक मिलिलिटरमधील प्रमाण, वयाविषयीची सूचना आणि बॅच क्रमांक.

चोविहार पाळणाऱ्या घरांतून विचारले जाते की रात्रीची मात्रा टाळली तर चालेल का. लहान मुलांना आणि आजाऱ्यांना आपल्या वडीलधाऱ्यांनीच सूट दिलेली आहे. आठ तासांनी द्यायचे औषध आठ तासांनीच द्यावे. दिवसातून दोनदा देता येईल असा पर्याय असेल तर तो डॉक्टर सुचवू शकतात, पण वेळापत्रक आपण घरी बदलू नये.

खरेदीविषयी थोडेसे. नात्यातल्या मेडिकलवाल्याला फोन करून "मुलासाठी काहीतरी पाठव" असे सांगणे ही आपल्यातील सर्रास चालणारी पद्धत आहे. त्यात आपुलकी असते, तपासणी नसते. मेडिकलवाल्या बंधूंनीही अशा वेळी मुलाचे वय विचारावे आणि चार वर्षांखालील मुलासाठी सर्दीची बाटली देण्यास नकार द्यावा. नातेवाईक दोन दिवस रुसतील. औषध परवानाधारक दुकानातून पक्क्या बिलासह घ्यावे, आणि बिलावर बॅच क्रमांक आहे ना हे पाहावे. १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० नाममुद्रांच्या वेष्टनावर क्यू.आर. कोड सक्तीचा आहे. तो मोबाईलवर वाचून आलेला बॅच क्रमांक व कारखान्याचे नाव बाटलीशी जुळते का, हे घरातील कोणतेही शाळकरी मूल दाखवील. सील तुटलेली, लेबल पुन्हा चिकटविल्यासारखी दिसणारी किंवा तळाशी गाळ बसलेली बाटली परत करावी. आईसाठी दिलेल्या लोहाच्या लालसर गोळ्या कुलपात ठेवाव्यात. मुले त्या गोळ्या-चॉकलेट समजून खातात आणि त्यातून गंभीर विषबाधा होते.

कोणतेही सिरप सुरू केल्यावर मुलाला सतत उलट्या होऊ लागल्या, ते सुस्त झाले किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर पुढची मात्रा देऊ नये व थेट रुग्णालयात न्यावे. सोबत बाटली, वेष्टन आणि बिल न्यावे. बाटली धुऊ नये, फेकू नये. उरलेले औषधच पुढे तपासणीला लागते. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करण्यासाठी भारतीय औषधकोश आयोगाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५. डॉक्टरच नव्हे, आईवडीलही तेथे कळवू शकतात. फोन करताना औषधाचे नाव, कारखान्याचे नाव, बॅच क्रमांक, मुलाचे वजन आणि किती वाजता किती मात्रा दिली, एवढे समोर लिहून ठेवावे.